नदीने मोडायचं, तरच याने वाढायचं!

फोटोत दिसतंय ते फर्बिश लाऊसवर्ट. अमेरिकेतलं मेन राज्य आणि शेजारचा कॅनडाचा न्यू ब्रन्सविक, यांमधल्या सेंट जॉन नदीचा काठ सोडून जगात कुठेही हे उगवत नाही. नेच्यासारखी कातरलेली पानं आणि उभ्या दांड्यावर छोटी पिवळी फुलं, तीही जुलै-ऑगस्टमध्ये.

याचं वागणं बघा. हिवाळा सरताना नदीवरचा बर्फ फुटतो, त्याच्या लाद्या काठ खरवडत जातात. त्यात याची रोपंही मरतात. पण बर्फ आलाच नाही तर काठावर झुडपं माजतात आणि सावलीत हे टिकत नाही. म्हणजे खरवड हवी, पण दरवर्षी नको. कारण बी रुजल्यापासून फूल यायला किमान तीन वर्षं लागतात. वर स्वारी अर्धपरजीवी! मुळं शेजाऱ्याच्या मुळांना चिकटवून अन्नपाणी ओढते.

1880 मध्ये केट फर्बिश या चित्रकार-वनस्पतीअभ्यासक बाईंना हे सापडलं. पुढे ते नामशेष झालं असंच धरलं गेलं. 1976 मध्ये डिकी-लिंकन धरणाच्या सर्वेक्षणात पुन्हा दिसलं आणि एका 'तणासाठी' धरण अडवायचं का, यावर रान पेटलं. धरण झालं नाही. एकट्या फुलामुळे नव्हे, खर्च आणि बुडणारं जंगल हेही मुद्दे होतेच.

व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला गेला असाल तर याची हिमालयातली भावंडं तुम्ही पाहिली असतील. प्रजातीचं नाव पेडिक्युलॅरिस. जुने फोटो चाळा आणि कमेंटमध्ये टाका.