ऑक्लंड बेटांवरील नौकाभंग
ऑक्लंड बेटांवरील नौकाभंग : न्यूझीलंडच्या दक्षिणेस सुमारे ४६५ किमी. वरील या निर्जन द्वीपसमूहाच्या मुख्य बेटावर १८६४ मध्ये दोन जहाजे फुटली. दोहोंतील माणसे वर्षभर एकाच बेटावर होती. परंतु मधल्या दुर्गम डोंगराळ प्रदेशामुळे एकमेकांचा पत्ता त्यांना लागला नाही. आपद्ग्रस्तांच्या नेतृत्वासंबंधी या दोन घटनांची तुलना उद्‌बोधक ठरते.

‘ग्राफ्टन’ हे लहान शिडाचे जहाज ३ जानेवारी रोजी दक्षिणेकडील कार्नली बंदरात फुटले. कप्तान टॉमस मस्‌ग्रेव्ह, फ्रान्स्वा रेनाल हा फ्रेंच सहकारी व अन्य तिघे असे पाचही जण वाचले. जहाजाच्या अवशेषांतून त्यांनी घर उभारले. सीलचे मांस, शिंपले व रानटी मुळे यांवर गुजराण केली. जहाजावरील हुद्दा बेटावर पुरेसा नाही, हे रेनालने ओळखले होते. त्याच्या सूचनेवरून मस्‌ग्रेव्हची प्रमुख म्हणून रीतसर निवड झाली. तंटे मिटविणे व कामे वाटून देणे ही त्याची कर्तव्ये ठरली. तो अपात्र ठरल्यास बहुमताने दूर करण्याचा अधिकार इतरांनी राखून ठेवला. हे नियम बायबलच्या कोऱ्या पानावर लिहिले होते. संध्याकाळी परस्परांना शिकविण्याची शाळा भरे. रेनालने पत्तेही बनविले होते. पण हरल्यावर कप्तानाचा तोल जातो, हे पाहून त्याने ते नष्ट केले. सीलच्या कातड्याचा भाता करून त्यानेच भट्टी पेटविली व होडीसाठी लोखंडकाम केले. तिच्यातून तिघे १९ जुलै १८६५ रोजी निघाले व पाच दिवसांनी स्ट्यूअर्ट बेटास पोहोचले. मागे राहिलेल्या दोघांना आणण्यासाठी मस्‌ग्रेव्ह स्वतः परतला.

‘इन्व्हरकॉल्ड’ हे मोठे जहाज मे १८६४ मध्ये वायव्येकडील कड्यांवर आदळले. पंचवीसपैकी एकोणीस जण किनाऱ्यास लागले. वर्षभराने एका परक्या जहाजाने उचलले, तेव्हा कप्तान जॉर्ज डालगार्नो, अधिकारी अँड्रू स्मिथ व खलाशी रॉबर्ट होल्डिंग हे तिघेच उरले होते. येथे हुद्दे कायम राहिले, पण जबाबदारी कोणी घेतली नाही. टोळी विखुरली, दुर्बळ मागे पडले. अन्न शोधण्यात पुढाकार होल्डिंगचाच होता.

तथापि सारे श्रेय-अपश्रेय नेत्यांवर टाकणे न्याय्य नाही. ‘ग्राफ्टन’च्या लोकांना हत्यारे, बंदूक व थोडी शिधासामग्री मिळाली होती, ‘इन्व्हरकॉल्ड’च्या लोकांजवळ जवळजवळ काहीच नव्हते, आणि खाणारी तोंडे मात्र जवळजवळ चौपट होती. त्या परतीच्या शोधफेरीत मस्‌ग्रेव्हला उत्तरेकडील पोर्ट रॉस येथे एक बेवारस प्रेत आढळले. पुढे न्यूझीलंड शासनाने या बेटांवर आपद्ग्रस्तांसाठी अन्नवस्त्रांची कोठारे ठेवली.