लहान शब्द, मोठा फरक : इंग्रजी लेखनातील शब्दयोगी अव्यये

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये राज्याचा कारभार मराठीतून चालतो. बुलढाणा जिल्ह्यातील ग्रामपंचायतींचे ठराव, नोटिसा व दाखले मराठीतच लिहिले जातात. तथापि, बँका, रेल्वे व केंद्र शासनाची खाती यांच्याशी होणाऱ्या पत्रव्यवहारात इंग्रजीचा प्रसंग वारंवार येतो. जिल्ह्यातील प्रकरणे ज्या नागपूर खंडपीठापुढे जातात, तेथील कामकाजही इंग्रजीतूनच होते. अशा लेखनात मोठ्या शब्दांची अडचण सहसा पडत नाही, कारण ते शब्दकोशात सापडतात. चुका होतात त्या 'इन', 'ऑन', 'ॲट', 'बाय', 'फ्रॉम' या दोनचार अक्षरी शब्दांच्या. हे शब्द चुकले तर केवळ भाषा बिघडते असे नव्हे. मुदत, हद्द आणि जबाबदारी यांचा अर्थही बदलतो.

अडचणीचे मूळ

मराठीत नामाचा वाक्यातील इतर शब्दांशी असलेला संबंध नामाच्या पुढे जोडून दाखविला जातो. 'शाळा' या शब्दाचे सामान्यरूप 'शाळे' होते व त्याला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागून 'शाळेत', 'शाळेला', 'शाळेजवळ', 'शाळेपासून' अशी रूपे सिद्ध होतात. इंग्रजीत हाच संबंध दाखविणारा शब्द नामाच्या आधी, स्वतंत्रपणे येतो आणि नामाचे रूप बदलत नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठी व्याकरणाची मांडणी करताना इंग्रजी व्याकरणातील संज्ञांचा आधार घेण्यात आला. त्यामुळे दोन्ही भाषांतील या शब्दांना एकच नाव मिळाले. पण नाव एक असले तरी त्यांची जागा व व्याप्ती एक नाही.

जागेतील फरक विद्यार्थ्यांच्या लवकर ध्यानात येतो. खरी अडचण व्याप्तीची आहे. मराठीतील एकच प्रत्यय इंग्रजीत तीनचार शब्दांत विभागला जातो. 'मुंबईला गेला' यातील 'ला' साठी 'टू' येतो, तर 'मुंबईला राहतो' यातील 'ला' साठी 'इन'. वऱ्हाडी बोलीत 'ला' ऐवजी 'ले' येत असला तरी इंग्रजीत जाताना पेच तोच राहतो. 'सरपंचांनी पेनाने सही केली' या वाक्यात दोन्ही ठिकाणी तृतीयेचाच प्रत्यय आहे. परंतु कर्मणी इंग्रजी वाक्यात कर्त्यापूर्वी 'बाय' आणि साधनापूर्वी 'विथ' लिहावे लागते. म्हणून प्रत्ययाला प्रत्यय शोधण्याऐवजी तेथे कोणता संबंध अभिप्रेत आहे हे आधी ठरविणे, हाच यातील मुख्य नियम होय.

स्थळ व हद्द

विस्तृत प्रदेशाच्या आत असलेल्या वस्तूसाठी 'इन', पृष्ठभाग किंवा रेषा यांना लागून असलेल्या वस्तूसाठी 'ऑन' आणि नेमक्या ठिकाणासाठी 'ॲट' वापरतात. लोणारचे सरोवर बुलढाणा जिल्ह्यात आहे, येथे 'इन'; मेहकर पैनगंगेच्या काठी वसले आहे, येथे 'ऑन'; गाडी शेगाव स्थानकावर थांबते, येथे मराठीत 'वर' असूनही 'ॲट'.

दिशा सांगताना तर विशेष दक्षता हवी. सातपुड्याच्या रांगा जिल्ह्याच्या उत्तर भागात, म्हणजे जिल्ह्याच्या आत आहेत. त्यासाठी 'इन द नॉर्थ ऑफ' असे लिहावे. मध्य प्रदेश जिल्ह्याच्या उत्तरेस, म्हणजे बाहेर आहे. त्यासाठी 'टू द नॉर्थ ऑफ' लिहावे लागते. जमिनीच्या चतुःसीमा लिहिताना या दोहोंची अदलाबदल झाली, तर शेजाऱ्याची विहीर कागदावर आपल्या शेतात येते किंवा आपली विहीर हद्दीबाहेर जाते.

काळ व मुदत

कालदर्शक शब्दांत 'पासून' आणि 'पर्यंत' या दोन शब्दांनी सर्वाधिक घोटाळा होतो. '२०१५ पासून' येथे आरंभबिंदू सांगितला आहे व क्रिया अद्याप चालू आहे, म्हणून 'सिन्स'. 'तीन वर्षांपासून' येथे कालावधी सांगितला आहे, म्हणून 'फॉर'. 'एक एप्रिलपासून नवे दर लागू होतील' येथे 'फ्रॉम'. त्याचप्रमाणे 'काम ३१ मार्चपर्यंत पूर्ण करावे' येथे 'बाय' हवे, कारण त्या दिवसापूर्वी किंवा त्या दिवशी ते एकदाच पूर्ण व्हावयाचे आहे. 'कार्यालय ३१ मार्चपर्यंत उघडे राहील' येथे मात्र क्रिया अखंड चालते, म्हणून 'टिल'.

कायद्याने या लहान शब्दांना किती महत्त्व दिले आहे, हे सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७ च्या कलम ९ वरून दिसते. केंद्रीय अधिनियमात कालावधीतील पहिला दिवस वगळावयाचा असल्यास 'फ्रॉम' आणि शेवटचा दिवस धरावयाचा असल्यास 'टू' हा शब्द पुरेसा आहे, असे त्यात म्हटले आहे. संविधानाच्या अनुच्छेद २४३ ई मध्ये पंचायतीची मुदत सांगताना पाच वर्षांच्या कालावधीसाठी 'फॉर' आणि पहिल्या सभेसाठी नेमलेल्या दिनांकासाठी 'फ्रॉम' असे दोन्ही शब्द एकाच वाक्यात आले आहेत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत निर्णय देण्यासाठी 'विदिन' हा शब्द आहे. त्याऐवजी 'आफ्टर' असे लिहिणाऱ्याने अर्जदाराचा हक्क आणि अधिकाऱ्याचे कर्तव्य दोन्ही उलटे केले, असेच म्हणावे लागेल.

क्रियापदांची सोबत

काही इंग्रजी क्रियापदे अव्ययाशिवाय येतात. 'विषयावर चर्चा केली' या मराठी वळणामुळे 'डिस्कस' पुढे 'ऑन' किंवा 'अबाउट' लिहिले जाते; तेथे अव्ययाची गरज नाही. 'रीच' पुढे 'टू' लागत नाही. उलट 'आदेशाचे पालन करणे' यासाठी 'कम्प्लाय' योजल्यास 'विथ' आवश्यक ठरते. अव्ययानंतर क्रियापद आल्यास त्याचे 'इंग' रूप योजावे. 'छत दुरुस्त करण्यासाठी निधी' हे लिहिताना 'फॉर रिपेअरिंग' किंवा नुसते 'टू रिपेअर' चालेल; 'फॉर टू रिपेअर' चालणार नाही.

शिक्षकांसाठी व कार्यालयांसाठी

राज्यातील शाळांत २००० सालापासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तथापि अव्ययांच्या याद्या पाठ करून ती अंगवळणी पडत नाहीत. क्रियापद व त्याचे अव्यय ही जोडी एकत्र शिकविणे आणि गावातील नदी, स्थानक, बाजार व शाळा यांवरून वाक्ये करून घेणे अधिक हितावह ठरते. पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांचे बळही अशा वाक्यांच्या सरावातच होते.

कार्यालयात इंग्रजी मसुदा सहीसाठी ठेवण्यापूर्वी त्यातील प्रत्येक दिनांक, रक्कम, ठिकाण व व्यक्ती यांच्या आधी आलेला लहान शब्द अधोरेखित करावा आणि त्याचा अर्थ मराठीत मोठ्याने सांगून पाहावा. कोणी, कोणास, कोठे, केव्हापासून व केव्हापर्यंत, या प्रश्नांची उत्तरे मूळ मराठी टिपणीशी जुळली, तर मसुदा निर्दोष समजावा. ती जुळली नाहीत, तर पत्र रवाना होण्यापूर्वीच दुरुस्ती करणे ग्रामस्थांच्या व शासनाच्याही हिताचे आहे.