शेतातील झाड : शेतकऱ्याची मुदत ठेव

शेतात झाडे लावावीत, हे सर्वांनाच मान्य असते. तरीही अनेक गावांत बांध उघडेच दिसतात. याचे कारण शेतकऱ्याचे अज्ञान, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः या अनास्थेमागे अज्ञान नसून व्यवहाराचा विचार असतो.

कोलकात्यातील गार्डन रीचसमोर, हुगळीच्या पलीकडील तीरावर शिबपूरचे वनस्पती उद्यान आहे. कर्नल रॉबर्ट किड यांच्या पुढाकाराने ते 1787 मध्ये स्थापन झाले. जहाजबांधणीसाठी सागवान पिकविणे हा त्यामागील एक हेतू होता. परंतु तेथील सखल गाळाच्या जमिनीत चांगला साग होईना आणि तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. झाड जमिनीला मानवले पाहिजे, हा त्याचा धडा. ते माणसाच्या संसारालाही मानवले पाहिजे, हे त्याच बंगालने पुढे दोन शतकांनी दाखवून दिले.

पश्चिम बंगालमध्ये 1981 मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सामाजिक वनीकरण प्रकल्प सुरू झाला. मेदिनीपूर भागात भूमिहीनांना वाटलेल्या निकृष्ट जमिनीत पीक येत नव्हते. तेथे त्यांनी निलगिरी लावली. झाडे आपल्या मालकीची आणि ती विकण्याचा निर्णयही आपलाच, हा विश्वास असल्याने त्यांनी ती जपली. विक्रीच्या पैशातून कित्येकांनी जमीन घेतली वा घरची मोठी कार्ये पार पाडली. निलगिरीवर टीका झाली, ती वेगळी. पण गरिबांच्या दृष्टीने झाड ही अडीअडचणीची बचत असते, आणि तोडणीवरील निर्बंधांमुळे त्या बचतीचे मोल घटते, हे रॉबर्ट चेंबर्स, एन. सी. सक्सेना व तुषार शाह यांनी 1989 च्या आपल्या ग्रंथात मांडले.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याचा हिशेबही असाच आहे. झाडाची सावली पिकावर पडते, मुळे ओलावा ओढतात. बांधावरील झाड कोणाचे, यावरून भाऊबंदकीत तंटे होतात. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारा तर फळ कोणाच्या पदरी पडेल या शंकेने झाड लावतच नाही. त्यातच 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमानुसार साग, आंबा, फणस, चिंच आदी झाडे स्वतःच्या जमिनीतूनही परवानगीविना तोडता येत नाहीत. वृक्षरक्षणाचा हा हेतू योग्यच. पण जी ठेव हवी तेव्हा मोडता येत नाही, ती ठेवण्यास कोण धजावेल? बांधावर आपोआप उगवलेले सागाचे रोप मग नांगराखाली जाते.

याउलट, जेथे लाभ निश्चित दिसला, तेथे शेतकरी मागे राहिला नाही. 1990 मध्ये रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली आणि कोकणात आंबा व काजूच्या बागा उभ्या राहिल्या. 2014 मध्ये राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण आले. 2017 मध्ये वनक्षेत्राबाहेरील बांबूला भारतीय वन अधिनियमातील 'झाड' या व्याख्येतून वगळण्यात आले.

वृक्षलागवडीचा विचार करणाऱ्या ग्राहकाने म्हणून चार गोष्टी आधी पाहाव्यात : जमिनीला मानवणारी जात, हद्दीची निश्चिती, सातबारावरील झाडांची नोंद आणि तोडणीचे नियम. कर्ज घ्यावयाचे असल्यास उत्पन्न सुरू होईपर्यंतचा काळ लक्षात घेऊनच हप्ते ठरवावेत. सल्ला देणाऱ्या कर्मचाऱ्यानेही 'झाडे लावा' म्हणण्यापूर्वी 'ती तोडता येतील का' हे विचारणे अगत्याचे आहे. ठेव आपली आहे याची खात्री पटली, म्हणजे शेतकरी ती आपणहून जोपासतो.