बापाची दारू आणि लेकरांचे मौन

दारूविषयी आपण पुष्कळ बोललो आहोत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शील तेच सांगते. गुत्ते बंद करण्यासाठी आपल्या मायबहिणी रस्त्यावर आल्या. १९९३ साली गडचिरोलीत दारूबंदी झाली ती लोकांच्या रेट्यानेच. परंतु हे सारे बोलणे पिणाऱ्याविषयी, फार तर त्याच्या बायकोविषयी आहे. त्या घरात वाढलेले मूल पुढे पस्तिशीचे होते, नोकरीला लागते, चळवळीत येते. त्याच्या आत काय शिल्लक राहिलेले असते, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. तो येथे मांडावयाचा आहे.

मी अशा घरातली आहे. १९९०च्या दशकात आम्ही मुकुंदवाडीत राहत होतो. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. बाप मोंढ्यात हमाली करी. ज्या दिवशी हिशेब होई त्या संध्याकाळी मी दोघा धाकट्या भावांना लवकर जेवू घालून निजवीत असे आणि स्वतः जागी राही. गल्लीतून येणाऱ्या चपलेच्या आवाजावरून तो किती प्यालेला आहे हे मला कळे. तेव्हा मी आठ वर्षांची होते. आज बाप नाही, मी महाविद्यालयात शिकवते. तरी स्टाफरूममध्ये कोणी आवाज चढवला की माझ्या पोटात गोळा येतो. प्राचार्यांनी ‘उद्या भेटा’ म्हटले तर रात्रभर मी स्वतःची चूक शोधत बसते. हा माझा स्वभाव आहे असे मी कैक वर्षे समजत होते. तो स्वभाव नव्हे, ती त्या घराने दिलेली तालीम होती.

ही तालीम कशी होते? दारूच्या घरात सर्वांत वाईट गोष्ट मार नव्हे, अनिश्चितता होय. काल ज्या गोष्टीवर बाप हसला तिच्यावरच आज हात उगारतो. पुढचा क्षण सांगता येत नाही म्हणून मुलाचे शरीर सदैव पहाऱ्यावर राहते. धोका सरला तरी पहारा उठत नाही. अमेरिकेत क्लॉडिया ब्लॅक यांनी १९८१ साली या घरांचे तीन अलिखित नियम सांगितले: बोलू नका, विश्वास ठेवू नका, काही वाटून घेऊ नका. १९९८ साली फेलिटी आणि आंडा यांनी हजारो प्रौढांच्या बालपणाची चौकशी प्रसिद्ध केली. घरातले व्यसन, मारहाण, छळ असे आघात जितके अधिक, तितके पुढे नैराश्य, व्यसन, आत्महत्येचे प्रयत्न, इतकेच काय हृदयविकारही अधिक, असे त्यांना आढळले.

अशा घरात मुले भूमिका वाटून घेतात, असेही अभ्यासकांनी नोंदवले आहे. एक जबाबदार होते, एक उपद्रवी, एक कोपऱ्यात नाहीसे होते, एक सर्वांना हसवीत राहते. हे काही रोगाचे निदान नव्हे, ओळखीची खूण आहे. आमच्या घरात मी पहिली होते. आणि येथेच आपल्या समाजाचा प्रश्न सुरू होतो. ही जबाबदार पोरच पुढे घरातली पहिली पदवीधर होते. तिला शाल-श्रीफळ मिळते, तिच्या जिद्दीचे कौतुक होते. ती जिद्द काही अंशी भीती आहे, हे कोणी विचारीत नाही. चळवळीतही असे कार्यकर्ते आपण पाहतो: विश्रांती घेता येत नाही, काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही, मतभेद झाला की विश्वासघात वाटतो. सगळ्याच फाटाफुटीचे कारण हे नव्हे. पण आपण स्वतःला हा प्रश्न विचारला पाहिजे.

तो विचारला जात नाही, कारण आपले मौन दुहेरी आहे. घराची अब्रू झाकण्याचे मौन सर्व जातींत असते. आपल्यावर आणखी एक ओझे असते. बंगल्यातली दारू ‘पार्टी’ ठरते, वस्तीतली दारू ‘जातीचा गुण’ ठरते. बापाविषयी बोलावे तर हिणवणाऱ्यांच्या हाती आयती काठी दिल्यासारखे होते. दया पवारांनी १९७८ साली ‘बलुतं’मध्ये वडिलांचे व्यसन झाकले नाही, हे धैर्य म्हणूनच मोठे होते.

बाप का पीत होता, हे आज मला कळते. दिवसभर पाठीवर पोती आणि कानावर शिव्या. त्या पाठीला आणि त्या मनाला दारूखेरीज दुसरे औषध त्याला ठाऊक नव्हते. दोष व्यवस्थेचा आहे, हे खरेच. पण कारण समजले म्हणून लेकराची रात्र पुसली जात नाही. दोन्ही गोष्टी एकत्र सांगता आल्या पाहिजेत.

हा वारसा अटळ नाही. व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे निम्मा मानतात. म्हणजे उरलेला निम्मा माणसांच्या हाती आहे. १९५५ साली हवाईमधील कौआई बेटावर जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. कठीण घरातूनही जी मुले सावरली, त्यांच्या आयुष्यात बहुधा एखादे भरवशाचे मोठे माणूस होते: आजी, शेजारी, शिक्षक. मला संध्याकाळी वर्ग उघडा ठेवणारे एक गुरुजी मिळाले. म्हणून शिक्षक मित्रांना सांगणे आहे की, वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलाला वर्गात उभे करू नका. एकटे गाठून ‘घरी कसं आहे?’ एवढे विचारा. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण व्यसनी माणसाबरोबर त्याच्या कुटुंबाचाही विचार करते. २०२२ पासून टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक त्रासाविषयी मोफत बोलता येते. मदत मागणे हा दुबळेपणा नव्हे.

गेल्या १४ एप्रिलला आम्ही भावंडे घरी जमलो होतो. मधल्या भावाला मी पहिल्यांदाच विचारले, “हिशेबाच्या रात्री आठवतात का रे तुला?” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “ताई, मी जागाच असायचो. मला वाटायचं, तू झोपलीस.”

एकाच वाकळेखाली आम्ही इतकी वर्षे जागे होतो.