टेफ्लॉनचा खुबा तीन वर्षांत झिजला आणि डॉक्टरांनी स्वतःच्या मांडीतच प्रयोग केला

जेवायला बसून जरा पुढे वाकलं की खुब्यातून दाराच्या बिजागरीसारखा कुर्रर्र आवाज यायचा. बायको इतकी वैतागायची की उठून दुसऱ्या खोलीत जायची. हा पेशंट इंग्लंडचा, त्याच्या खुब्यात बसवलेला गोळा ॲक्रिलिकचा आणि काळ १९५० च्या दशकातला. बाकीचे लोक हसले असतील, पण जॉन चार्नली नावाचे सर्जन विचारात पडले. आवाज येतोय म्हणजे घर्षण आहे. मग शरीरातलं वंगण गेलं कुठे?

आपल्या सांध्यात वंगण असतं हे खरं. गुडघ्यासारख्या मोठ्या सांध्यातही ते चमचाभर भरत नाही. पण खरी करामत कूर्चेची आहे. कूर्चा म्हणजे पाण्याने भरलेला स्पंजच. पाय टेकवला की आतल्या पाण्यावर दाब येतो आणि बराचसा भार ते पाणीच उचलतं. वर वंगणाच्या रेणूंचा निसरडा थर चिकटलेला असतो. प्लास्टिक किंवा धातू असं पाणी धरून ठेवत नाही. ऑपरेशननंतरही शरीर सांध्यात द्रव तयार करतं, पण त्याचा थर दोन पृष्ठभागांना पूर्ण वेगळं ठेवू शकत नाही. ते कुठे ना कुठे एकमेकांना घासतातच.

चार्नलींनी हिशेब मांडला, की वंगण साथ देणार नसेल तर वस्तूच निसरडी घ्यायची. म्हणजे टेफ्लॉन, तेच ते नॉनस्टिक तव्यावरचं. स्टीलचा गोळा आणि टेफ्लॉनची वाटी असा सांधा घेऊन पेशंट आनंदाने चालायला लागले. असे सुमारे ३०० सांधे बसवले गेले.

दोन-तीन वर्षांत गोळा वाटीत रुतायला लागला. वाटी झिजत होती आणि तिच्या भुग्याभोवती शरीरात पनीरसारखा लगदा साचत होता. निसरडं म्हणजे टिकाऊ नव्हे, हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. चार्नलींना ते सांधे पुन्हा उघडावे लागले.

१९६२ मध्ये राइटिंग्टन हॉस्पिटलच्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये एक विक्रेता आला. तो लँकेशरच्या कापड गिरण्यांतल्या मागांसाठी प्लास्टिकची चाकं विकायचा. हे होतं अतिशय लांब साखळ्यांचं पॉलिथिलीन. चार्नलींनी त्यात नख रुतवून पाहिलं, वेळ फुकट घालवू नका म्हणाले आणि निघून गेले. तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तुकडा मशीनवर लावलाच. तीन आठवडे रात्रंदिवस घासूनही तो टेफ्लॉन एका दिवसात झिजायचा तेवढा झिजला नाही. (साहेबांचं न ऐकल्याचा असा फायदा क्वचितच होतो.)

पण टेफ्लॉनने पोळलेले चार्नली आता सावध होते. त्यांनी दोन्ही पदार्थांचे नमुने स्वतःच्या मांडीत बसवून घेतले. नऊ महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी गाठ स्पष्ट हाताला लागत होती, पॉलिथिलीन मात्र निमूट होतं. त्याच्या वाट्या बसवायला १९६२ च्या अखेरीसच सुरुवात झाली होती. आजही खुब्यात आणि गुडघ्यात मुख्यतः याच प्लास्टिकचे सुधारलेले प्रकार वापरतात.

तरी झीज संपली नाही. जुन्या पॉलिथिलीनची वाटी वर्षाला साधारण ०.१ मिलीमीटर झिजायची. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हे कण इतके बारीक असतात की शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळतात. प्लास्टिक काही पचत नाही. मग या पेशी जे इशारे सोडतात त्यांनी हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात. आजूबाजूचं हाड विरतं आणि न तुटलेला सांधासुद्धा ढिला होतो.

उपाय म्हणून १९९० च्या दशकाअखेरीस किरणोत्साराचा मारा करून प्लास्टिकच्या साखळ्या एकमेकींत गुंफलेलं पॉलिथिलीन आलं. झीज खूपच कमी झाली. सिरॅमिकचे गोळेही कमी झिजवतात, मात्र सिरॅमिकवर सिरॅमिक असेल तर कधी कधी तोच जुना कुर्रर्र आवाज येतो. धातूवर धातू हा प्रयोग महागात पडला. डेप्यू कंपनीला २०१० मध्ये एएसआर खुबे जगभरातून परत मागवावे लागले. त्यातून झिजलेलं कोबाल्ट आणि क्रोमियम पेशंटच्या रक्तात उतरत होतं. भारतातही असे पेशंट होते. त्यांच्यासाठी केंद्राने २०१८ मध्ये ३० लाख ते १.२३ कोटी रुपये भरपाईचं सूत्र ठरवलं.

मग बदललेला सांधा टिकतो किती? २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासांनुसार २५ वर्षांनंतर सुमारे ५८ टक्के खुबे आणि ८२ टक्के पूर्ण बदललेले गुडघे शाबूत होते. हे सांधे अर्थातच जुन्या काळात बसवलेले.

घरात कुणाचा सांधा बदलला असेल तर एवढं सांगा : हाड विरत असताना बरेचदा काहीच दुखत नाही. त्यामुळे ‘मस्त चालतोय, कशाला दाखवायचं’ म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला एक्स-रे टाळू नका.