शाही, सत्ता आणि प्रजा

१९५२ साली आमच्या अमळनेरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते ‘मराठी व्युत्पत्तिकोशा’चे कर्ते कृ. पां. कुलकर्णी. राज्यघटना अमलात येऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक त्याच वर्षी पार पडली. नवी राज्यव्यवस्था आणि शब्दांच्या मुळांचा शोध घेणारा पंडित यांची ही गाठ अमळनेरकर म्हणून मला नेहमीच सूचक वाटते. कारण राज्यव्यवस्थेला आपण जी नावे देतो, त्यांच्या पोटात जुना इतिहास दडलेला असतो.

‘लोकशाही’ हा शब्दच घ्या. ‘लोक’ संस्कृत, ‘शाही’ फारसी. शाह म्हणजे राजा. त्याचा अंमल ती शाही. निजामशाही, आदिलशाही ही नावे घराण्यांची. तोच प्रत्यय आपण ‘लोक’ला जोडला आणि लोकांनाच राजपद दिले. पुढे नोकरशाही, हुकूमशाही, झुंडशाही हे शब्द त्याच साच्यातून निघाले. अंमल कोणाचा, एवढेच ‘शाही’ सांगते. तो न्याय्य आहे की नाही, हे सांगत नाही.

‘प्रजासत्ताक’ हा शब्द वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. राष्ट्रप्रमुखाचे पद वारशाने येते की नाही, हा तो प्रश्न. ब्रिटनमध्ये सरकार लोक निवडतात, पण सिंहासन वंशपरंपरेने चालते. म्हणून तिथे लोकशाही आहे, प्रजासत्ताक नाही. उलट चीन स्वतःला प्रजासत्ताक म्हणवतो, पण सत्ता एकाच पक्षाच्या हाती आहे. भारताने दोन्ही गोष्टी स्वीकारल्या. घटनेच्या मराठी उद्देशिकेत ‘लोकशाही गणराज्य’ असे शब्द आहेत. २६ जानेवारीला मात्र आपण ‘प्रजासत्ताक दिन’ म्हणतो. ‘गण’ हा शब्द लिच्छवींसारख्या प्राचीन गणराज्यांची आठवण देतो. तिथे कारभार सभेतून चाले, पण त्या सभेत सर्वांना जागा नव्हती.

अधिकारपदांची नावेही अशीच फिरत आली. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास फारसी पदनामांना संस्कृत पर्याय दिले गेले: पेशव्याचा पंतप्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री. रघुनाथपंत हणमंते यांचा ‘राज्यव्यवहारकोश’ याच प्रयत्नातला. पुढे लोकांच्या तोंडी ‘पेशवा’च राहिला, पण ‘पंतप्रधान’ तीन शतकांनी दिल्लीतल्या पदासाठी मराठीत परत आला. हिंदीत त्याच पदाला ‘प्रधानमंत्री’ म्हणतात. अष्टप्रधानांत सचिव आणि मंत्री शेजारी बसत. आज मंत्री निवडून येतो आणि सचिव नोकरीत असतो. मुंबईतल्या ‘सचिवालया’चे १९७५ साली ‘मंत्रालय’ झाले, तेव्हा कारभाराचे घर कोणाच्या नावाचे, हेही बदलले.

मला खटकतो तो ‘प्रजा’ हा शब्द. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ संतती. त्यावरून राजाच्या छत्राखालचे लोक. राजा बाप, लोक लेकरे. ‘मायबाप सरकार’ याच नात्यातून येते. यावर एक उत्तर असे, की ‘प्रजा’ला ‘सत्ता’ जोडणे हीच क्रांती होती. कालचा आश्रित आज धनी झाला. ते मला पटते. पण ही क्रांती समासात झाली, अर्जाच्या कागदावर अजून व्हायची आहे. तालुक्याच्या कचेरीत द्यायचा अर्ज आजही अनेकदा ‘मेहेरबान तहसीलदारसाहेब यांचे सेवेशी’ असा सुरू होतो. मेहेरबान म्हणजे कृपाळू. सातबाऱ्याचा उतारा किंवा रेशनकार्डावरचे नाव ही कृपा नव्हे, तो हक्क आहे.

शब्द बदलला की कारभार सुधारतो, असे मी म्हणत नाही. मात्र अर्ज लिहिणाऱ्याने स्वतःला ‘प्रजा’ समजावे की ‘नागरिक’, यावर तो खिडकीपाशी किती वेळ मुकाट्याने उभा राहील, हे बरेचसे ठरते. शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना व्याख्यांबरोबर या शब्दांची कुळकथाही सांगितली, तर मुले तो अर्ज वेगळ्या मायन्याने लिहू लागतील.