पोलिसांवर लक्ष कोण ठेवणार? आणि लक्ष ठेवणाऱ्यावर?

निवडणूक म्हटलं की आपल्याला आमदार, खासदार, नगरसेवक आठवतात, फार तर गावचा सरपंच. पण केवळ पोलिसांवर देखरेख ठेवण्यासाठी एक माणूस मतं देऊन निवडायचा, असं कोणी सांगितलं तर? इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ पासून हे चालू आहे. त्या पदाचं नाव पोलीस अँड क्राइम कमिशनर. नावावर जाऊ नका. आपला पोलीस कमिशनर म्हणजे वर्दीतला आयपीएस अधिकारी. हा कमिशनर वर्दी घालत नाही, कोणाला अटक करत नाही, बहुतेक वेळा तो एखाद्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो. वर्दीतला प्रमुख वेगळा, त्याला म्हणतात चीफ कॉन्स्टेबल. (हो, कॉन्स्टेबल! तिथे तोच सर्वांत मोठा साहेब.)

आधी तिथे प्रत्येक पोलीस दलावर एक कमिटी असायची. साधारण १७ सदस्य, त्यांतले ९ नगरसेवक आणि बाकीचे बाहेरून घेतलेले. कमिटीत कोण आहे हे रस्त्यावरच्या माणसाला माहीत नसायचं. म्हणून २०११ मध्ये कायदा झाला आणि कमिटीच्या जागी एक माणूस आला. लंडन सोडून ४१ ठिकाणी असे कमिशनर निवडायचे, मुदत ४ वर्षं. कल्पना सोपी होती: एक चेहरा असला की लोक त्याला जाब विचारतील.

या माणसाच्या हातात काय काय आहे? पोलिसांचं बजेट तो ठरवतो, त्यासाठी स्थानिक करात किती वाटा घ्यायचा तेही तोच ठरवतो. दलाने कशावर भर द्यायचा याचा आराखडा तो करतो: घरफोड्या, ड्रग्ज, कौटुंबिक हिंसाचार, जे त्या भागाला हवं ते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे चीफ कॉन्स्टेबलला नेमणं आणि काढणं त्याच्याकडे. मात्र अमक्याला पकडा, तमक्याची केस बंद करा, हे तो सांगू शकत नाही. तपास आणि अटक हा वर्दीचा प्रांत.

हॉस्टेलवाल्यांना हे लगेच कळेल. मेस सेक्रेटरीने महिन्याचा खर्च बघावा, रविवारी काय हवं ते मुलांना विचारून सांगावं, पण आचाऱ्याच्या हातातला झारा घेऊन आपल्या मित्राच्या ताटात जास्त पनीर टाकू नये. इथपर्यंत सगळे मान्य करतील. खरी मारामारी पुढे आहे. आचाऱ्याला काढायचं असेल तर सेक्रेटरी एकट्याने काढू शकतो का? आणि सेक्रेटरीनेच घोळ घातला तर वर्ष संपेपर्यंत गप्प बसायचं का? माझ्या मते निवडून दिलेल्या देखरेखीचा सगळा प्रश्न या दोन गोष्टींत आहे, आणि तिथल्या कायद्याने या दोन्हींची उत्तरं कच्ची ठेवली.

आधी निवडणुकीचं बघू. पहिलं मतदान १५ नोव्हेंबर २०१२ ला झालं, थंडीच्या दिवसांत. साधारण १५ टक्के लोक आले. वेल्समधल्या न्यूपोर्ट शहरात एका केंद्रावर तर एकही मत पडलं नाही. शून्य! २०१४ मध्ये वेस्ट मिडलंड्सला पोटनिवडणूक झाली तेव्हा मतदान १० टक्क्यांच्या आसपास होतं. चेहरा आला, पण तो बघायला लोक आले नाहीत.

कंट्रोल सिस्टीम्सच्या लेक्चरला आपण एक गोष्ट शिकतो (जे जागे असतात ते). नुसता फीडबॅक असून भागत नाही, तो वेळेवर यावा लागतो. डिले जास्त झाला तर तोच फीडबॅक सिस्टीम बिघडवतो. दर ४ वर्षांनी, तेही १५ टक्के लोकांकडून येणारा फीडबॅक मला फार भरवशाचा वाटत नाही. मग मधल्या काळात काय?

मधल्या काळासाठी कायद्याने एक पॅनेल दिलं आहे. त्यात किमान १० निवडून आलेले स्थानिक सदस्य आणि बाहेरचे २. ते प्रश्न विचारू शकतात. कराचा आकडा किंवा नव्या चीफ कॉन्स्टेबलची निवड दोन-तृतीयांश मतांनी एकदा परत पाठवू शकतात. पण कमिशनरला काढू शकत नाहीत. त्याला निलंबित करायचं तर त्याच्यावर २ वर्षांहून जास्त कैद होऊ शकेल अशा गुन्ह्याचा आरोप दाखल झालेला हवा. नुसता नालायकपणा पुरत नाही.

याची किंमत २०१४ मध्ये सगळ्यांना दिसली. रॉदरहॅम हे साउथ यॉर्कशायरमधलं गाव. तिथे १९९७ ते २०१३ या काळात किमान १४०० मुलांचं लैंगिक शोषण झालं आणि नगरपालिका व पोलीस दोघांनीही डोळेझाक केली, असा प्रा. अ‍ॅलेक्सिस जे यांचा अहवाल २६ ऑगस्ट २०१४ ला आला. वाचून झोप उडते. आता बघा, तिथल्या पोलिसांवर देखरेख करणारे निवडून आलेले कमिशनर शॉन राइट हे २००५ ते २०१० याच नगरपालिकेत मुलांच्या सेवांचे प्रमुख राजकीय पदाधिकारी होते! पंतप्रधान कॅमेरून म्हणाले जा, गृहमंत्री थेरेसा मे म्हणाल्या जा, त्यांच्या स्वतःच्या पक्षानेही तेच सांगितलं. राइट यांनी पक्ष सोडला, खुर्ची नाही. कायद्याने कोणालाच काही करता येईना. शेवटी १६ सप्टेंबरला त्यांनी स्वतःहून राजीनामा दिला. ज्या मुलींना आधी कोणी ऐकलं नव्हतं, त्यांनी हे तीन आठवडे टीव्हीवर बघितले असतील.

२०२१ मध्ये नॉर्थ यॉर्कशायरच्या कमिशनरांनी सारा एव्हरार्ड खून प्रकरणावर, म्हणजे एका पोलिसानेच खोट्या अटकेच्या बहाण्याने नेऊन मारलेल्या तरुणीबद्दल बोलताना, बायकांनी अटकेचे नियम माहीत करून घ्यावेत असं सुनावलं. पॅनेलने एकमताने अविश्वास दाखवला आणि ते गेले. पण तो ठराव बंधनकारक नव्हता. लाज वाटली म्हणून गेले, नसती वाटली तर राहिले असते.

आता दुसरं टोक: आचाऱ्याला काढणं. २०१३ मध्ये ग्वेंटच्या कमिशनरांनी चीफ कॉन्स्टेबल कार्मेल नेपियर यांना सांगितलं, निवृत्त व्हा, नाहीतर काढतो. त्या निवृत्त झाल्या. दुसरी केस पुन्हा साउथ यॉर्कशायरचीच. १९८९ मध्ये हिल्सबरो स्टेडियमवरच्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे प्रेक्षक मेले होते. दोष पोलिसांचा, प्रेक्षकांचा नाही, असा ज्युरीचा निकाल यायला २०१६ उजाडलं. लोक भडकले होते आणि नव्या कमिशनरांनी चीफ कॉन्स्टेबल डेव्हिड क्रॉम्प्टन यांना निलंबित करून पुढे राजीनामा द्यायला लावला. २०१७ मध्ये हायकोर्टाने तो निर्णय बेकायदा ठरवला. लोकांचा राग खरा होता, तरी एका माणसाने रागाच्या भरात साहेब बदलणं कोर्टाला पटलं नाही. मलाही पटत नाही. उद्या हाच अधिकार एखाद्या प्रामाणिक अधिकाऱ्यावर चालेल.

म्हणून मला वाटतं बजेट आणि प्राधान्य निवडून आलेल्याने एकट्याने ठरवावं, त्यात बिघडलं तर दुरुस्त करता येतं. चीफला काढण्याचा निर्णय मात्र एकट्याचा नसावा, कारणं लिहून द्यावीत आणि पॅनेलची संमती लागावी. आणि पॅनेलच्या अविश्वासाला दात असावेत: दोन-तृतीयांश मत पडलं की पुन्हा निवडणूक. यात पक्षीय राजकारण घुसेल हे मान्य. पण तीन आठवडे हात बांधून बसण्यापेक्षा ते परवडलं.

आपल्याकडे अडचण उलटी आहे. पोलीस हा राज्याचा विषय, त्यामुळे देखरेख थेट गृहमंत्र्यांकडे, नगरसेवकाला पोलीस ठाण्यावर काडीचा अधिकार नाही. माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने २२ सप्टेंबर २००६ ला ७ निर्देश दिले, त्यांचा रोख नेत्यांचा हात दूर ठेवण्यावर होता: प्रमुखाला किमान २ वर्षं, बदल्यांसाठी अधिकाऱ्यांचं मंडळ, तक्रारींसाठी प्राधिकरण. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपला पोलीस कायदा बदलला. त्यावर वेगळा लेख होईल.

तिकडे ब्रिटिश सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की मे २०२८ मध्ये ही पदं बंद होणार. जिथे मेयर आहे तिथे काम मेयरकडे जाईल (लंडन आणि ग्रेटर मँचेस्टरमध्ये ते आधीपासूनच आहे), बाकी ठिकाणी स्थानिक नेत्यांच्या मंडळाकडे. म्हणजे फिरून पुन्हा कमिटी! नव्या कायद्याचा मसुदा हाती आला तर मी आधी दोनच कलमं शोधीन: चीफ कॉन्स्टेबलला काढताना कोणाची सही लागते, आणि मेयरला मुदतीआधी कोण काढू शकतं.